जाणारा चेंडू

ओस्टरविग, १४ एप्रिल १९६९

मास्तरांनी सगळ्यांना वह्या वाटल्यात. रोज काय खाल्लं, झोप कशी लागली, पाय दुखतो का, एवढंच लिहायचं आणि शनिवारी दाखवायचं. त्या वहीत लिहिलं: राईचा पाव, हेरिंग, कॉफी. झोप ठीक. पाय नाही. ही वही वेगळी आहे. ही कोणाला दाखवायची नाही.

मास्तर परवा घरी आले. टोपी हातात धरून बूट पुसून पुसून पायपुसणं झिजवलं. ते गावच्या शाळेत कसरत शिकवतात आणि आमच्या हँडबॉल क्लबचे कोच आहेत. मला लहानपणापासून ओरडत आलेत. पण त्या दिवशी त्यांना माझ्याकडे बघवेना.

"टोवे, मेरेटेचं लग्न ठरलंय. होणारा नवरा नको म्हणतो. गोलात उभं राहायला कोणी नाही."

"हँडबॉलचा मोसम संपला ना, मास्तर?"

"हँडबॉल नाही. फुटबॉल. इटलीला."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते कधी चेष्टा करत नाहीत. इटलीत जूनमध्ये बायकांची चार देशांची स्पर्धा आहे. आपल्याकडे देशाची म्हणून बायकांची फुटबॉल टीमच नाही, पुरुषांच्या संघटनेला आम्ही दिसतच नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पोरींनी गंमत म्हणून जर्मनांशी दोन सामने खेळले, त्याचा फोटो कुठेतरी छापून आला आणि इटलीवाल्यांनी थेट आमच्या क्लबला बोलावलं. म्हणजे खाडीकाठच्या या गावातल्या आम्ही हँडबॉल खेळणाऱ्या पोरी जूनमध्ये डेन्मार्क असणार.

"तब्येत कशी आहे पण?" मास्तर टोपीला म्हणाले.

"बरी आहे."

तब्येत बरीच आहे. फेब्रुवारीत बाळ झालं ते मेलेलंच झालं. मला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा सगळं उरकलं होतं. डॉक्टर म्हणाले, बघू नका, हात लावू नका, विसरणं सोपं जातं. परिचारिकेने चादर नीट केली. मुलगा होता की मुलगी, मला माहीत नाही. कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण विचारलं असतं तर कोणीतरी उत्तर दिलं असतं.

मी मास्तरांना हो म्हणाले. घरात खूप शांतता असते.

२२ एप्रिल

फुटबॉलचा गोल म्हणजे कोठाराचं दार. हँडबॉलमध्ये हात-पाय पसरले की अर्धा गोल भरून जातो. इथे मी मधे उभी राहते आणि दोन्ही बाजूंनी वारा जातो.

मी पायाने अडवते ही मास्तरांची पहिली तक्रार. "तुला देवाने हात दिलेत, आणि फुटबॉलमध्ये एकट्या गोलकीपरला ते लावता येतात. वापर ते." दुसरी तक्रार मोठी आहे. हँडबॉलमध्ये गोलकीपरला लागून चेंडू मागच्या रेषेबाहेर गेला की तो आमचाच असतो. त्यामुळे आम्हाला सवयच आहे, काही शंका आली की बोट लावायचं, बाहेर घालवायचं आणि निवांत पुन्हा फेकायचा. फुटबॉलमध्ये तसं केलं तर समोरच्यांना कॉर्नर.

आज मी पाच-सहा वेळा तरी तेच केलं. प्रत्येक वेळी सगळ्या टीमला मैदानाला फेरी. तिसऱ्या फेरीनंतर गुनवोर माझ्यापाशी येऊन ओणवी झाली. ती आमची उजवी बॅक, पोस्टात काम करते, शाळेपासूनची माझी मैत्रीण. तोंडाचा पट्टा असा की पोस्टात लोक तिच्याच खिडकीशी रांग लावतात.

"बाई गं," ती धापा टाकत म्हणाली, "तो चेंडू स्वतःच्या पायाने चाललाय ना बाहेर? तुला का त्याला सोडायला दारापर्यंत जायचंय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. गाल दुखत होते.

मास्तरांनी मला सगळ्यांसमोर म्हणायला लावलं: बाहेर जाणाऱ्या चेंडूला हात लावायचा नाही. शाळेतल्यासारखं तीनदा म्हटलं.

४ मे

रविवार. आक्सेल सकाळी गळ घेऊन सायकलवरून गेला. फेब्रुवारीपासून दर रविवारी जातो. माझा नवरा होड्यांच्या कारखान्यात सुतार आहे, आठवडाभर पाण्याकाठीच असतो, पुन्हा रविवारीही तेच. आजही काही मिळालं नाही. खाडीत गार्फिश मासे आलेत, शेजारच्या म्हाताऱ्याने बादली भरून आणले, आणि याला एकही नाही. वर पँटच्या गुडघ्यांना माती.

"घसरलास का?"

"हं," म्हणाला.

पँट भिजत घातली. बागेत मुळ्याचे वाफे करायचे होते म्हणून लहान दंताळं शोधलं, तर तेही सापडेना. आक्सेल म्हणाला, कोणाला तरी दिलंय. कोणाला, ते आठवत नाही म्हणे. हाताने केले वाफे.

बाबागाडी आता शेडमध्ये नाही. त्याची बहीण घेऊन गेली असेल. मी विचारलं नाही.

११ मे

आई आली. मोठा रविवारचा कोट आणि पर्समध्ये वर्तमानपत्राचं कात्रण. कोणा डॉक्टरने लिहिलंय की बायकांनी चेंडूला लाथा मारल्याने पोटातल्या नाजूक गोष्टींना कायमची इजा होते.

"वाच," आई म्हणाली.

वाचलं. "बरं."

"बरं काय? चार महिने नाही झाले. अजून वय आहे तुमचं. पुढच्या वर्षी दुसरं होईल, मग सगळं मागे पडेल. आणि तू इटलीला निघालीस, पोटावर चेंडू घ्यायला."

"आई, बिघडायला आता तिथे काय उरलंय?"

आईने कप बशीत इतक्या जोरात ठेवला की चमचा खाली पडला. आक्सेल उठला आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायला लागला. मे महिन्यात. शेगडीला एवढी लाकडं लागतात कुठे?

आई जाताना माझा गाल धरून उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण बस आली.

मास्तरांच्या वहीत: उकडलेले बटाटे, डुकराचं मटण, रूबार्बची खीर. झोप ठीक.

२९ मे

बेकरीत बेकरवाल्या बाईने मला बन जास्तीचे दिले. फेब्रुवारीपासून देते. आज म्हणाली, "आपल्या गावची पोरगी विमानाने इटलीला."

"आगगाडीने."

"तरी पण."

मागे दोन बाया उभ्या होत्या, त्या एकदम पावांकडे बघायला लागल्या. मी गेल्यावर त्या काय बोलल्या असतील ते मला माहीत आहे. काही वाईट नसेल. तेच बरं नाही वाटत.

पासपोर्टच्या कचेरीत माणसाने विचारलं, मुलं? मी म्हणाले, नाही. त्याने लिहिलं. सोपं होतं.

९ जून, आगगाडीत

हॅम्बुर्ग गेलं. डब्यात आम्ही चौदा जणी, मास्तर आणि मास्तरांची बायको. ती आमच्यावर लक्ष ठेवायला आलीय, पण बसल्यापासून झोपलीय. प्रत्येकीच्या बॅगेत राईचा पाव आहे, कारण इटलीत पांढरा मऊ पाव मिळतो आणि त्याच्यावर धावता येत नाही असं मास्तरांचं मत आहे.

आक्सेल स्टेशनवर आला होता. गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून माझी बोटं धरली, सगळी एका मुठीत. लग्नाआधी धरायचा तशी. मग सोडली. त्याच्या हाताला ओल्या मातीचा वास होता. सोमवारची सकाळ, कामाला जायच्या आधी माती कसली?

गुनवोर गाणं रचतेय. जाऊन आल्यावर गावातल्या खानावळीत जेवण आहे, आणि जेवण म्हटलं की गाणं हवंच. लग्न असो, साठी असो, कोणाचा पाय प्लॅस्टरमधून निघालेला असो, गुनवोर रचते, पोस्टातल्या यंत्रावर प्रती काढते आणि सगळे ताटासमोर कागद धरून म्हणतात. प्रत्येकीवर एक कडवं. तिने हळू आवाजात चाल गुणगुणून दाखवली.

"छान आहे," मी म्हणाले. "नवीन आहे का?"

"नाही गं, ही मी राखून ठेवली होती, तुझ्या बारशा..." म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर काही नव्हतं. बटाट्याची शेतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बदलते मी चाल."

"कशाला? चांगली आहे."

तिने रुमाल काढून नाक शिंकरलं. तिला दर उन्हाळ्यात गवताचा त्रास होतो.

१२ जून, पार्मा

ऊन. आमच्यासारख्या गोऱ्या कातडीला हे ऊन झेपत नाही, गोल मारणारी आमची बियेर्ते तर एका दिवसात खेकड्यासारखी लाल झाली. आम्हाला जोगिणींच्या वसतिगृहात ठेवलंय, प्रत्येक खोलीत पलंगाच्या वर भिंतीला येशू. जेवायला शेवया. मास्तर प्रत्येक ताटाशेजारी आपला काळा पाव ठेवत फिरतात. वाढपी बायका त्यांच्याकडे दयेने बघतात.

आज मैदानावर फोटोवाले आले होते. आम्हाला केस विंचरायला सांगितले, ओठ रंगवायला सांगितले. गुनवोर म्हणाली, "यांना विचारा, चेंडूलाही लावायची का लाली?" दुभाष्याने ते विचारलं नाही.

मग कुंपणापलीकडून एक बाई आली. जाडजूड, हसरी, कडेवर तान्हं बाळ. तिने ते सरळ माझ्यापुढे केलं, फोटोसाठी. दुभाष्या म्हणाला, ती म्हणतेय गोलकीपरचे हात सगळ्यात भरवशाचे. सगळे हसत होते. बाळाचे पाय हवेत हलत होते. मी दोन्ही हात मागे घेतले आणि बांधून उभी राहिले, शाळेत तपासणीला उभं राहतात तशी.

बाई तशीच हात पुढे करून उभी. गुनवोर मधे आली, बाळ घेतलं, त्याला काहीतरी डॅनिशमध्ये बडबडली, आणि फोटो झाला.

मला वाईट वाटलं नाही. हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात आलं. नंतर हात थंड पडले होते, एवढ्या उन्हात.

१५ जून

फ्रान्सला हरवलं, दोन-शून्य. मी चार अडवले, त्यातला एक पायाने. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. लोक इतके की माणसं झाडांवर बसली होती. आमच्या गावात हँडबॉल बघायला खेळाडूंच्या आया येतात आणि विणकाम आणतात.

इथले पुरुष ओरडतात. काय ओरडतात ते कळत नाही म्हणून बरं वाटतं. पहिल्या अर्ध्यात ते हसत होते. दुसऱ्या अर्ध्यात नाही.

बियेर्तेने दोन्ही गोल केले आणि रडत सुटली. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात. मीही गेले, कारण लांब उभं राहिलं तर दिसतं. कोणाची तरी वेणी तोंडात आली, घामाचा वास, सगळ्या गरम गरम. मी मधे उभी होते आणि वाट बघत होते की आता मला काहीतरी होईल. झालं नाही. मग सोडलं त्यांनी.

सकाळच्या वर्तमानपत्रात तो फोटो आलाय. पुढे गुनवोर आणि बाळ. मागे मी, हात पाठीमागे, चोर पकडल्यासारखी. गुनवोरने फोटो असा फाडला की त्यात मी उरले नाही. म्हणाली, माझाच बरा आलाय, मला हवा. तिचा तर अर्धा डोळा मिटलेला आहे त्यात.

१८ जून

उद्या फायनल, इटलीशी. आक्सेलचं पोस्टकार्ड आलं. आपल्याच चर्चचं चित्र. मी घरातून निघाले तेव्हा त्याच्याकडे खाडीची, बंदराची, होड्यांची किती कार्डं होती, आणि याने चर्च निवडलं. तो कधी चर्चला जात नाही. मागे लिहिलंय: इथे सगळं ठीक. पाऊस झाला. फुलं चांगली लागलीत. नीट खेळ.

कसली फुलं? आमच्या बागेत मुळे आहेत.

१९ जून

हरलो. दोन-एक.

सरळ लिहिते. एक-एक होतं. सामना संपत आला होता. तसंच संपलं असतं तर जादा वेळ होता, आणि इटलीच्या पोरींच्या पायात गोळे यायला लागले होते. मास्तर बाहेरून ओरडत होते, धरून ठेवा, धरून ठेवा. त्यांच्या डावीकडच्या पोरीने चेंडू मारला तो नीट लागलाच नाही. हळूहळू घरंगळत, गोलापासून चांगला लांबून, बाहेर चालला होता. कोणी त्याच्यामागे नव्हतं. गुनवोर हात वर करून सांगत होती, सोड, सोड. जवळ येऊनही म्हणाली, "जाऊ दे." मी ऐकलं.

आणि मी गेले. पळत गेले, आडवी झाले आणि त्याला हात लावला. दोन्ही हात. मग तो गेला बाहेर.

कॉर्नर. चेंडू आत आला, त्यांच्या उंच पोरीने डोक्याने मारला, गोल.

मैदानात एवढा आवाज झाला की काहीच ऐकू आलं नाही. मी गोलात उभी होते आणि माझ्या तळव्यांना चुना लागला होता, रेषेचा. तो पुसला नाही मी बराच वेळ.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत आलो. बियेर्ते बूट काढता काढता थांबली आणि तशीच बसून राहिली. मास्तर आत आले, म्हणाले, "सवय. दहा वर्षांची सवय दोन महिन्यांत जात नाही. चूक माझी आहे, मी हँडबॉलवालीला उभं केलं." सगळ्यांनी माना हलवल्या. मास्तरांच्या बायकोने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही. बोलायला हवं होतं.

फक्त गुनवोर म्हणाली, बूट बांधता बांधता, रागाने नाही, "तो जात होता गं. जाऊ द्यायचा."

मास्तरांच्या वहीत: शेवया, पाव. झोप. पाय नाही. इतरांनी काय लिहिलं असेल?

२० जून, आगगाडीत

मास्तर म्हणतात सवय, आणि मी सगळ्यांना तेच सांगते. पण नियम मला माहीत होता. त्या क्षणीही माहीत होता, मास्तरांनी तीनदा म्हणायला लावलेलं ते वाक्य डोक्यात होतंच. तो समोरून चालला होता आणि मला एवढंच वाटलं की हा असाच जाणार आणि मी उभी राहून बघत राहणार. ते मला सहन झालं नाही. आता हे कोणाला सांगणार? फुटबॉलमध्ये असं काही नसतं.

आल्प्स गेले. सगळ्या खिडकीशी होत्या. मी बसून राहिले.

२८ जून, ओस्टरविग

खानावळीतलं जेवण झालं. अर्धं गाव आलं होतं. भिंतीला कागदी झेंडे, टेबलांवर तळलेला मासा आणि अजमोद्याची कढी, नंतर सात प्रकारचे केक, कारण बेकरवाल्या बाईला सहावर थांबता येत नाही. दुसऱ्या नंबरचा कप मधोमध ठेवला होता. आक्सेल शेजारी बसला होता, नवा शर्ट घालून. मी आल्यापासून तो माझ्याकडे बघतो आणि मी बघितलं की दुसरीकडे बघतो.

गुनवोरने कागद वाटले. चाल तिने शेवटी बदललीच. सगळे एकदम उभे राहून म्हणायला लागले. मास्तरांच्या काळ्या पावावर कडवं, बियेर्तेच्या नाकाच्या सालावर कडवं, मास्तरांच्या बायकोच्या झोपेवर दोन. लोक हसून हसून टेबलं बडवत होते. मग माझं आलं:

*पाहुणा आपला निघाला होता, दारापर्यंत गेला,*
*टोवेबाईंनी हात धरून परत आत नेला.*

सगळ्यांत मोठा हशा यालाच. गुनवोरने दुरूनच मला डोळा मारला. ती मला कधी वगळत नाही, आणि याही वेळी वगळलं नाही, ते बरंच केलं. मी गायले. शब्द न् शब्द गायले, सुरात.

आक्सेल गायला नाही. त्याने कागद टेबलावर पालथा ठेवला. खुर्ची मागे सरकवली, तिचा आवाज झाला, आणि तो बाहेर गेला. कोट न घेता.

लोक पुढचं कडवं म्हणत राहिले. हरल्याची त्याला एवढी लाज वाटेल असं मला वाटलं नव्हतं. तो तर हँडबॉलचा सामनाही कधी धड बघत नाही. मी केक संपवला आणि त्याचा कोट घेऊन घरी आले. तो शेडमध्ये रंधा मारत होता, एकाच फळीवर. फळी पार कागदासारखी झाली होती.

मी कोट खिळ्याला अडकवला आणि आत आले.

२९ जून

रविवार. सकाळी तो गळ घ्यायला शेडकडे निघाला. मी कॉफी ओतत होते. म्हणाले, "काल का उठलास?"

"त्यांना कशावरही हसू येतं."

"माझ्यामुळे हरलो ना. हसणारच. गुनवोरची चेष्टा आहे ती."

"पाहुणा म्हणे." त्याचा आवाज फाटला. मी त्याला असं कधी ऐकलेलं नाही. "दारापर्यंत गेला म्हणे."

तेव्हाही मला कळलं नाही. खरंच नाही कळलं. मी कॉफी ओतत राहिले, ती कपाबाहेर गेली. मग म्हणाले, "आक्सेल, ती सवय नव्हती. सगळे म्हणतात सवय. मला माहीत होतं, हात लावायचा नाही. पण मला लावायचा होता."

तो दारात उभा होता. गळ हातात.

मग मी विचारलं. एवढे महिने न विचारलेलं, असंच, फडकं शोधता शोधता. "मुलगा होता का मुलगी?"

"मुलगी," तो म्हणाला.

जणू मी किती वाजले विचारलं होतं. फडकं सापडलं. मी टेबल पुसलं.

"केस होते," तो म्हणाला. "काळे. आपल्या दोघांत कोणाचेच नाहीत, माझ्या आईचे असतील. आणि बोटं लांब. तुझी."

"तुला कसं माहीत?"

"घेतलं होतं मी तिला. बाहेर, बाकावर. ती परिचारिका म्हणाली, जरा वेळ बसा. मी बसलो. ती परत आली तरी मी दिलं नाही, मग ती पण बसली शेजारी."

"आणि मला नाही सांगितलंस."

"डॉक्टर म्हणाले, तिला विसरू द्या. म्हणाले, तुम्ही बोललात तर तिला बरं व्हायला वेळ लागेल. मला वाटलं, तू विचारत नाहीस म्हणजे..." गळ त्याने भिंतीला टेकवला, तो घसरला, पुन्हा टेकवला. "तू बरी होतीयस असं वाटलं."

मला राग आला. मी त्याला म्हणाले, तू बाकावर बसलास, तू केस बघितलेस, आणि मी तिथे भिंतीपलीकडे चादरीखाली पडले होते. म्हणाले, तू चोर आहेस. कप फोडला मी, आईने दिलेला, निळा. तो उभा राहिला, ऐकत राहिला, नाही म्हणाला नाही. मी बराच वेळ ओरडत होते. शेजारच्या म्हाताऱ्याने आपली खिडकी लावून घेतली.

मग त्याने काच गोळा केली. मी थकून खुर्चीत बसले. माझे हात गरम होते.

"तुला मासे कधीच मिळत नाहीत," मी म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. "चल."

त्याने माझी सायकल बाहेर काढली. चाकात हवा होती. त्याने ती कधीतरी भरून ठेवली असणार.

चर्चच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, बीच जातीच्या मोठ्या झाडाखाली. दगड नाही, नाव नाही. बारशाआधी गेलेल्यांना इथे नाव लावत नाहीत. एवढासा चौकोन, कडेने बारीक खडी आणि पॅन्सीची पिवळी फुलं, चांगली लागलेली. खडीवर दंताळ्याने ओढलेल्या रेघा, सरळ, एकीशेजारी एक, तो फळीवर रंधा मारतो तशा. दंताळं भिंतीमागे ठेवलेलं होतं. आमचंच.

आक्सेल बाजूला झाला आणि टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं, तो आता म्हणेल, बघ पण हात लावू नकोस. तो काही म्हणाला नाही.

मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात टेकवले. माती ओली होती. रेघा सगळ्या मोडल्या, माझ्या तळव्यांखाली, त्याने इतक्या नीट ओढलेल्या. मी हात उचलायला गेले, तर आक्सेल मागून म्हणाला, "असू दे."